खाणमंत्र्याची आक्का

माझा भाऊ मंत्री झाला, त्या दिवसापासून दारात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी मी त्याच्या हाताकडे बघायला लागले. हातात काय आहे? शाल, नारळ, पेढे, की नुसतीच लग्नपत्रिका? बेळगावात राहणाऱ्या बाईला बेळगावचाच गोड कुंदा आणून देणारा माणूस सरळ कामाचा नसणार, असं माझं मत झालं. ते अजून बदललेलं नाही.

आम्ही मूळचे निपाणीचे. वडील तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. मी लग्न होऊन बेळगावात शहापूरला आले आणि एका मराठी शाळेत भूगोल शिकवत निवृत्त झाले. धाकटा भाऊ निपाणीतच राहिला. घरात त्याला सगळे तम्मा म्हणायचे. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. शेजारच्या कानडी मावशींनी पाळण्यात हाक मारली आणि तीच चिकटली. तो मला आक्का म्हणतो.

तम्मा लहानपणापासून खोटं बोलत नसे, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही देत नसे. एकदा वडिलांची सायकल भिंतीला लावलेली होती, ती कुणीतरी पाडली आणि तिचा दिवा फुटला. वडिलांनी विचारलं, "सायकल कुणी पाडली?" तम्मा धावत सायकलीजवळ गेला आणि म्हणाला, "पडली व्हय? कुठं लागलं तिला?" वडील हसले आणि प्रश्न विसरले. मी विसरले नाही. पुढे तो वकील झाला तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

निपाणी आणि चिक्कोडीच्या कोर्टात त्याचं नाव झालं. मग नगरपालिका, मग जिल्हा पंचायत. विधानसभेला एकदा पडला, तेव्हा आठवडाभर आमच्या घरी येऊन नुसता झोपून होता. त्यानंतर मात्र लोकसभेला उभा राहिला आणि निवडून आला. दिल्लीत काही वर्षं तो मागच्या बाकावर होता. मग कुणाचं लक्षही जात नाही अशा एका खात्याचा राज्यमंत्री झाला. आणि मग एक दिवस आधीच्या खाणमंत्र्यांना बाजूला व्हावं लागलं आणि ते खातं तम्माकडे आलं. का आलं, त्यालाच का, हे मला कळलं नाही. दिल्लीत एवढी माणसं असताना निपाणीचा वकील कुणाला आठवला, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांना विचारला. हे पोस्टातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. म्हणाले, "तुझा भाऊ मोठा झाला, पेढे वाट. तुला प्रत्येक गोष्टीत फटच कशी दिसते?"

शपथ घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तम्माचा फोन आला.

"आक्का, बॉक्साइट म्हंजे नक्की काय गं?"

मला हसू आलं. "मंत्री तू, आणि मला विचारतोस?"

"इथं कुणाला विचारू? विचारलं तर यांना कळंल की मला न्हाय ठाऊक."

मग मी त्याला शिकवलं. ॲल्युमिनियम कशातून निघतं, मॅंगनीज कुठं सापडतं, उघडी खाण कशी असते आणि भुयारी कशी. काही महिने तो सकाळी सकाळी फोन करायचा. आम्ही दोघं पुन्हा एका पाटीवर अभ्यास केल्यासारखे बोलायचो. आपल्या खानापुरापलीकडच्या तांबड्या पठारांतसुद्धा बॉक्साइट असतं, हे त्याला मीच सांगितलं. तेव्हा तो "असतं व्हय?" एवढंच म्हणाला.

हळूहळू ते फोन बंद झाले. मी केला तर त्याचा सचिव उचलायचा. तम्मा स्वतः बोलला तरी मध्येच म्हणायचा, "ते फोनवर नको, आक्का." मी त्याला भाचीच्या बाळाचं बारसं सांगत होते, तेव्हासुद्धा एकदा तो तसं म्हणाला. त्यावरून मला कळलं की तो आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय असं समजूनच चोवीस तास वागतो. आणि मग मीही तसंच वागायला लागले.

घरी माणसं येतच होती. कुणाच्या मुलाची बदली, कुणाची दगडाची क्वारी. मी सगळ्यांना चहा देई आणि डबे परत करी. पण एक दिवस दुपारी एक गृहस्थ आले, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पांढरा शर्ट, साधं घड्याळ, चांगलं मराठी. एका खाण कंपनीच्या समाजकार्याचं बघतो म्हणाले. त्यांना तम्माकडून काही नको होतं. त्यांना मी हवी होते.

"आपल्या यजमानांच्या गावी आम्ही हायस्कूल बांधतोय," ते म्हणाले. "शाळा समितीच्या अध्यक्ष म्हणून आपण असावं. आपण आयुष्यभर शिकवलंय. नावासाठी नाही, कामासाठी मागतोय."

आमच्या ह्यांचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. भाताची शेती, फणसाची झाडं, आणि गावामागे जांभ्या दगडाचं मोठं उघडं पठार, त्याला गावात माळ म्हणतात. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढे मुलींना बसने खानापुरास जावं लागतं, आणि बऱ्याच जणी जातच नाहीत. हायस्कूल व्हावं असं ह्यांना तरुणपणापासून वाटायचं. त्यांचे डोळे चमकले. मी मात्र त्या गृहस्थांच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. डबा घेऊन येणाऱ्याला काय हवं ते कळतं. या गृहस्थांना काय हवं होतं?

"एवढ्या गावांतून हेच गाव कसं सापडलं तुम्हाला?" मी विचारलं.

"गरज आहे तिथं आम्ही पोचतोच," ते म्हणाले.

ते गेल्यावर हे माझ्यावर रागावले. चांगलं काम चालून आलं तर तू माणसाची उलटतपासणी करतेस, म्हणाले. मी त्याच आठवड्यात बॅग भरली आणि ह्यांना घेऊन गावी गेले.

गावात शिरतानाच काहीतरी वेगळं वाटलं. पारावर बसलेली माणसं आम्हाला बघून बोलायची थांबली. माझ्या चुलत दिरांनी पाणी दिलं, चौकशी केली, पण नेहमीसारखं मोकळं बोलेनात. शेवटी मीच विचारलं, "भावजी, काय झालंय?"

"आमाला काय इचारता, वैनी?" ते म्हणाले. "माळावर चार-पाच म्हैने मशीन घेऊन माणसं येत्यात. तुमाला ठावं न्हाय? तुमचा भाव मंत्री. तुमाला ठावं नसंल तर कुणाला असंल?"

म्हणजे मी लोकांवर संशय घेत बसले होते, आणि सासरचं अख्खं गाव माझ्यावर संशय घेऊन बसलं होतं.

सकाळी मी माळावर गेले. चपलेखाली जांभा उन्हाने तापलेला. जागोजागी दगडांवर पांढरे आकडे घातलेले होते, आणि त्यांच्याजवळ वाटीएवढी गोल भोकं, सिमेंटने बुजवलेली. मी आयुष्यभर मुलांना फळ्यावर जे काढून दाखवलं ते पहिल्यांदा पायाखाली बघत होते. जमिनीच्या पोटातला नमुना काढून बघायला अशी भोकं पाडतात. हे कुणी हायस्कुलासाठी करत नाही. ह्यांनीही ते बघितलं. एका भोकापाशी उकिडवे बसले आणि सिमेंटवरून बोट फिरवत राहिले. "शाळा माळाखाली बांधणार म्हणत होते," एवढंच म्हणाले.

पुढच्याच महिन्यात तम्मा एका समारंभासाठी बेळगावात आला. सरकारी बंगल्यावर उतरला होता. बाहेर माणसांची रांग, दारात बंदूकवाला पोलीस. त्या पोलिसाने माझी पिशवी तपासली. आतून तम्मा ओरडला, "अरे, आक्का हाय ती माझी!" आणि येऊन माझ्या पाया पडला. तो वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी त्याच्यासाठी थालीपीठ नेलं होतं, ते त्याने उभ्या उभ्या खाल्लं.

"तम्मा, आमच्या माळावर खाण होणार आहे?"

"थालीपीठ झक्कास झालंय, आक्का."

"मी काहीतरी विचारलं."

"लीज राज्य सरकार देतं. माझ्याकडं देशाचं धोरण. गावागावचं मला कसं ठाऊक असणार?"

"ठाऊक आहे का नाही, एवढं सांग."

तो खिडकीकडे गेला. परत आला. "आक्का, तू त्या शाळेचं अध्यक्षपद घेऊ नगं."

मी त्याला शाळेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. "तुला कसं कळलं शाळेचं?"

"भायेर माणसं थांबल्यात गं," तो म्हणाला आणि दार उघडलं.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी एकच गोष्ट घोळवत होते. तो मला सावध करत होता, की स्वतःला जपत होता? बहीण कंपनीच्या शाळेची अध्यक्ष झाली तर उद्या पेपरात त्याचंच नाव येणार. दोन्ही खरं असू शकत होतं. त्या गृहस्थांना मी नकार कळवला. ह्यांनी मला अडवलं नाही.

नंतर एकदा सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर, अनोळखी आवाज. "आक्का, तुमच्या सासरच्या गावी खाणीची जनसुनावणी लागलीय, लोकांच्या हरकती ऐकायला. नोटीस कानडी पेपरात आलीय, मराठीत न्हाय. गावात कुणाला ठाऊक नसंल. तुम्ही या." आणि फोन बंद झाला. मी परत लावला तर लागेना. मला लोक मॅडम म्हणतात, बाई म्हणतात. अनोळखी माणूस आक्का का म्हणाला? हा सापळा असेल असं ह्यांना वाटलं. मलाही वाटलं. तरीसुद्धा मी पेपर मिळवला, बातमी खरी होती. चुलत दिरांना फोन केला. त्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "वैनी, तुमी सौता येनार?"

"येणार. आणि बोलणार."

जनसुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात होती. मांडव, मोठे पंखे, बाटलीबंद पाणी. व्यासपीठावर अधिकारी. त्यांच्या बाजूला ते रिकाम्या हातांचे गृहस्थ, त्यांनी मला वाकून नमस्कार केला. एका कर्मचाऱ्याने लगबगीने माझ्यासाठी पुढची खुर्ची रिकामी केली. मागे कुजबूज सुरू झाली. मी ती खुर्ची सोडून मागे बायकांत जाऊन बसले.

अहवाल कानडीत आणि इंग्रजीत वाचला गेला. गावातल्या बऱ्याच जणांना बाजारापुरती कानडी येते, पण ही कानडी त्यांच्या डोक्यावरून जात होती. त्यात एक वाक्य आलं, की पठारावर पाण्याचा कोणताही स्रोत नाही. मी उठले.

"कुंद्री मेडम, कुंद्री," एक अधिकारी म्हणाले. बसा, बसा. प्रश्न शेवटी घेऊ.

मी त्यांना कानडीत सांगितलं की मी शेवटपर्यंत थांबले तरी प्रश्न हाच असेल, आणि मग मराठीत बोलले, कारण ज्यांच्या शेतांबद्दल बोलायचं होतं ते मागे बसले होते. आयुष्यभर मी चाळीस मुलांसमोर बोलले, पण मुलं कुणाची बहीण म्हणून माझ्याकडे बघत नव्हती.

"पठारावर पाणी नाही हे खरं," मी म्हणाले. "पाणी पठाराच्या पोटात आहे. जांभा पावसाचं पाणी पितो आणि वर्षभर थोडं थोडं सोडतो. खालचे झरे त्यावर चालतात, झऱ्यांवर आमचं भात आणि पिण्याचं पाणी चालतं. तुमची माणसं भोकं पाडायला आली. झरे बघायला कोण आलं होतं?"

व्यासपीठावरचे अधिकारी कागद चाळायला लागले. मग एका अधिकाऱ्याने हसून विचारलं, "मेडम, मंत्रीसाहेबांचं यावर काय मत आहे?"

सगळं पटांगण माझ्याकडे बघायला लागलं. त्या हसण्यात मला सापळा दिसला. मी म्हणाले, "मंत्रीसाहेब दिल्लीत राहतात. इथलं पाणी माझं सासर पितं."

मग माझ्या शेजारची एक म्हातारी उठली आणि तिने आपल्या दारातल्या झऱ्याचं सांगितलं. तिच्यानंतर दुसरी उठली. चुलत दीर उठले. संध्याकाळपर्यंत माणसं बोलत होती. शेवटी अधिकाऱ्यांनी पाण्याची पुन्हा पाहणी होईल असं जाहीर केलं आणि सुनावणी आटोपती घेतली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, मंत्र्यांच्या बहिणीचाच खाणीला विरोध. टीव्हीवाले शहापुरात आमच्या गल्लीत आले. मी दार उघडलं नाही. तम्माच्या फोनची वाट बघत होते. तो आला नाही. आला असता तर काय बोलले असते, तेही मला माहीत नव्हतं.

काही आठवड्यांनी मंत्रिमंडळात फेरबदल झाले. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. नवी नावं येत गेली, तम्माचं नाव आलं नाही. खाण खातं दुसऱ्या कुणाकडे गेलं. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराची बेल वाजेनाशी झाली. रोज सकाळी फिरताना वाकून नमस्कार करणारे एक नगरसेवक रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तेव्हा मला बरंच वाटलं. निदान त्यांच्याबद्दलचा माझा अंदाज बरोबर होता.

तम्मा निपाणीला परतल्याचं कळल्यावर मी बस पकडून गेले. भावजयीने चहा दिला, पण नजर वर केली नाही. तम्मा सोप्यात बसून कायद्याची जुनी पुस्तकं पुसत होता. पोलीस नव्हता, रांग नव्हती.

"आक्का, तुझ्यामुळं मंत्रिपद गेलं असं सगळी म्हनत्यात," तो पुस्तक खाली न ठेवता म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"तू सांग."

"मी सांगितलं तर तू इश्वास ठेवशील?"

"न्हाय," मी म्हणाले, आणि तो खूप दिवसांनी मोठ्याने हसला.

मग त्याने पुस्तक ठेवलं. म्हणाला, "त्या माळासाठी वरून जोर होता. मी आडवा आलो असतो तर दुसऱ्या दिवशी मी न्हाय आणि तिसऱ्या दिवशी खाण सुरू. गाव आडवं आलं तर मात्र कुणाला घाई करता येत न्हाय."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. "तम्मा, तो फोन तू करायला लावलास?"

"व्हय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने मला दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर. मला आनंद व्हायला हवा होता. आधी राग आला. ते पटांगण, मी स्वतः शोधून बोललेली वाक्यं, सगळी कुणीतरी आधीच मोजून ठेवल्यासारखी वाटली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू बोलली असतीस व्हय? माझ्या सांगण्यावरनं तू कधी काय केलंस?"

"माझा वापर केलास तू."

"पाणी खरं हाय न्हवं?" तो म्हणाला. "मग झालं तर."

भावजय दारात उभी राहून ऐकत होती. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवून जावा, आक्का." मी जेवले. तम्माने स्वतःच्या हाताने मला वाढलं. त्या दिवशी मी त्याच्यावर विश्वास ठेवला. बसमध्ये मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

वर्ष गेलं. तम्माची वकिली पुन्हा चालू झाली. मग गावाहून चुलत दिरांचा फोन आला, की त्याच माळासाठी आता दुसऱ्या कंपनीने अर्ज केलाय. पहिली कंपनी पाण्याच्या पाहणीतच अडकून मागे हटली होती. आणि दुसऱ्या कंपनीचं कायद्याचं काम निपाणीचे कुणी वकील बघतात, असं तालुक्यात बोललं जातंय.

मी तम्माला फोन लावला.

"तू त्या कंपनीचं काम घेतलंस?"

"तुला कोण सांगितलं, आक्का?"

"घेतलंस का नाही?"

"भाऊबीजेला येणार न्हवं? तवा बोलू."

मी भाऊबीजेला गेले. ओवाळलं. तो विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. त्याने पहिल्या कंपनीला अडवलं ते माळासाठी, की दुसरीसाठी, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित त्याच्या वकिलीचं नुसतं कुणीतरी नाव घेतलं असेल. निपाणीत वकील पुष्कळ आहेत.

परवा मी आणि गावच्या काही बायका खानापूरच्या कचेरीत दुसऱ्या कंपनीच्या अर्जावर नवी हरकत देऊन आलो. या वेळी नोटिशीची बातमी मला कुणी फोनवर सांगितली नाही, आम्हीच रोज पेपर बघत होतो. कारकुनाने कागद उलटसुलट करून विचारलं, "निपाणीच्या साहेबांना विचारलंय का तुम्ही?"

"कोणत्या साहेबांना?" मी म्हणाले.

त्याने शिक्का मारून पोच दिली. बायकांना बस धरायची होती, म्हणून आम्ही स्टँडकडे निघालो.